कुलूप बदलले, पण घरात कोण आहे?

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत आणि शाळांच्या कार्यक्रमांत हल्ली सायबर सुरक्षेवर एखादे तरी व्याख्यान असतेच. त्याचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. पासवर्ड अवघड ठेवा, तो कोणाला सांगू नका, ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु तो सगळा चोरीच्या आधीचा आहे. चोरी झाली, किंवा होत असल्याचा संशय आला, तर पहिल्या तासाभरात काय करायचे याविषयी दोनच वाक्ये ऐकायला मिळतात : ‘पासवर्ड बदला’ आणि ‘तक्रार करा’. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या दोन वाक्यांवर आहे. दुसरे वाक्य अपुरे आहे. पहिले अपुरे तर आहेच, शिवाय ते खोटा दिलासा देते.

हा प्रश्न शाळांना दूरचा नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोले तालुक्याच्या डोंगरातली द्विशिक्षकी शाळा असो की जामखेडचे हायस्कूल, शाळेचे दप्तर आता केवळ कपाटात राहिलेले नाही. विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’वर, शाळेची माहिती ‘यू-डायस प्लस’वर, पगारपत्रक ‘शालार्थ’मध्ये आणि पत्रव्यवहार ईमेलवर असतो. अशा प्रणालींना क्लाउड म्हणा किंवा वेबवरच्या सेवा म्हणा, तत्त्व एकच आहे. माहिती आणि ती हाताळणारा प्रोग्रॅम दूरच्या संगणकावर असतो आणि आपण कोठूनही, कोणत्याही यंत्रावरून, नाव व पासवर्ड देऊन तेथे पोहोचतो. ही सोय मोठी आहे. मात्र जी सोय मुख्याध्यापकांना, तीच त्यांचा पासवर्ड मिळवलेल्या माणसालाही.

तट फुटणे आणि किल्ली जाणे

नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या इतिहासातले दोन प्रसंग येथे उपयोगी पडतील. १५९५च्या अखेरीस मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग पेरले. १५९६च्या फेब्रुवारीत त्यांपैकी एक सुरुंग उडून तटाला खिंडार पडले. चांदबिबीच्या माणसांनी ते रातोरात बुजवले. दुसरा प्रसंग १७५९चा. त्या वर्षी किल्लेदार कवी जंग याने पैसे घेऊन हाच किल्ला पेशव्यांच्या हवाली केला. तटाचा एक दगडही हलला नाही.

संगणकावरील हल्ल्याची कल्पना करताना आपल्या डोळ्यांसमोर पहिला प्रसंग असतो. कोणी तरी बुद्धिमान माणूस यंत्रणेला खिंडार पाडून आत शिरतो, असे आपल्याला वाटते. क्लाउडवरील पुष्कळ चोऱ्या मात्र दुसऱ्या जातीच्या असतात. २०२४ साली ‘स्नोफ्लेक’ या अमेरिकी कंपनीच्या सेवेत माहिती ठेवणाऱ्या सुमारे १६५ संस्थांना, तुमची माहिती धोक्यात असू शकते, असे कळवावे लागले. त्या सेवेची तटबंदी फुटलेली नव्हती. कर्मचाऱ्यांच्या संगणकांत शिरलेल्या हेरगिरीच्या प्रोग्रॅमांनी पासवर्ड आधीच चोरले होते. त्यांपैकी काही चोऱ्या २०२० इतक्या जुन्या होत्या, तरीही ते पासवर्ड अद्याप चालत होते. बाधित खात्यांना ओटीपीसारखा दुसरा पुरावा द्यावा लागत नव्हता.

अशा वेळी पहारेकऱ्याचे काम बदलते. भिंतीला भोक कोठे पडले हे शोधण्याबरोबरच, खरी किल्ली घेऊन आलेला माणूस खरा आहे का, हे त्याला ओळखावे लागते. संशयास्पद लॉगिन अडवणे म्हणतात ते हेच.

संशयाचे गणित

प्रत्येक लॉगिनची एक नोंद दूरच्या संगणकावर उमटते. वेळ, इंटरनेटवरील पत्ता, त्यावरून काढलेले अंदाजे ठिकाण, यंत्राचा आणि ब्राउझरचा प्रकार, प्रवेश मिळाला की नाकारला गेला, इतकी माहिती तीत असते. या नोंदींवरून संशय कसा बांधतात, हे वर्गातही दाखवता येईल.

समजा, नगरच्या एका कार्यालयातील खात्यात सकाळी १० वाजता कार्यालयाच्याच संगणकावरून प्रवेश झाला आणि १० वाजून २० मिनिटांनी त्याच खात्यात लंडनमधून प्रवेश झाला. दोन ठिकाणांमधले अंतर ढोबळमानाने ७,००० किलोमीटर धरू. २० मिनिटांत ७,००० म्हणजे ताशी २१,००० किलोमीटर. प्रवासी विमानाचा वेग ताशी ९००च्या आसपास असतो. तेव्हा या दोहोंपैकी एक प्रवेश खात्याच्या मालकाचा नसावा, असे सातवीतला विद्यार्थीही सांगेल.

पण हे गणित जितके सोपे दिसते तितके नाही. इंटरनेटवरील पत्त्यावरून कळणारे ठिकाण हे माणसाचे नसते. बहुधा ते सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या जाळ्यातल्या एखाद्या नाक्याचे असते. अकोल्यात मोबाईलवर बसलेला शिक्षक नोंदीत मुंबईचा दिसू शकतो. खासगी आडमार्गाने, म्हणजे व्हीपीएनने, जाणारा माणूस परदेशातला दिसतो. नवा मोबाईल घेतला तरी यंत्र अनोळखी ठरते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या प्रणालीत दिवसाला २०,००० प्रामाणिक लॉगिन होतात आणि २ चोरांचे होतात. आपला नियम दोन्ही चोर पकडतो, पण प्रामाणिक लोकांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून संशय घेतो. नियम उत्तम वाटतो. प्रत्यक्षात दिवसाला २०२ जण संशयित ठरतात आणि त्यांतले २०० निर्दोष असतात. या सर्वांना थेट अडवले, तर चार दिवसांत लोक कंटाळून नियमच बंद करायला लावतील.

यावर उपाय आहे. नेहमीच्या दिवशी संशयिताला हाकलून न देता दुसरा पुरावा मागायचा. मोबाईलवर आलेला आकडा दे आणि आत जा, असे सांगायचे. परंतु एखाद्या खात्यात चोर शिरल्याची खात्रीलायक खूण मिळाली की हिशेब उलटतो. त्या खात्यापुरता आता दर शंभर लॉगिनमागे चोर किती, हा प्रश्न राहत नाही. चोर आहे हे कळलेले असते. चुकून अडवल्याचे नुकसान तासाभराच्या खोळंब्याचे, आणि न अडवल्याचे नुकसान भरून न येणारे. म्हणून तेथे आधी अडवायचे आणि मग चौकशी करायची. शांततेचा नियम आणि संकटाचा नियम वेगळा असतो, हा फरक आपल्या व्याख्यानांत सांगितलाच जात नाही. दोन्ही प्रसंगी एकच ‘काळजी घ्या’ ऐकवले जाते.

पासवर्ड बदलल्याने काय होते?

आता ‘पासवर्ड बदला’ या सल्ल्याकडे वळू. आपण एकदा आत गेलो की प्रत्येक पानावर आपल्याला पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. कारण प्रवेशाच्या वेळी दूरचा संगणक आपल्या ब्राउझरला एक टोकन देतो. पुढे प्रत्येक कामाच्या वेळी हे टोकनच दाखवले जाते. पुष्कळ प्रणालींत असे टोकन साधारण तासभर चालते आणि त्याच्याबरोबर दुसरे, कितीतरी जास्त मुदतीचे टोकन दिलेले असते. पहिले संपले की दुसऱ्याच्या आधारे नवे मिळते.

चोर आत असताना आपण पासवर्ड बदलला, तर त्याच्या हातातल्या टोकनाचे काय होते? काही प्रणाली पासवर्ड बदलताच जुनी टोकने रद्द करतात, काही करत नाहीत, काहींमध्ये त्यासाठी वेगळे बटण दाबावे लागते. म्हणजे कुलूप बदलले तरी आत बसलेला माणूस बाहेर पडेलच असे नाही. शिवाय आत असताना तो स्वस्थ बसलेला नसतो. येणारे प्रत्येक पत्र आपल्या पत्त्यावर जावे असा नियम तो ईमेलमध्ये घालून ठेवतो. ओटीपीसाठी स्वतःचा मोबाईल नोंदवतो. एखाद्या बाहेरच्या ॲपला खात्याची कायमची परवानगी देऊन ठेवतो. यांतले काहीही पासवर्ड बदलल्याने नाहीसे होत नाही. ओटीपीचा मोबाईल त्याचा झाला असेल, तर आपण कुलूप बदलतो आणि नवी किल्ली त्याच्याच पत्त्यावर पाठवतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या खात्यातले नवे लॉगिन बंद करायचे. मग चालू असलेली सर्व टोकने रद्द करायची. त्यानंतर चोराने मागे काय ठेवले ते तपासून काढून टाकायचे. पासवर्ड बदलायचा तो यानंतर, आणि तोही निर्धोक यंत्रावरून. कारण ज्या संगणकातून जुना पासवर्ड चोरला गेला, त्याच संगणकावर नवा टाइप केला तर तोही जातो. खाते पुन्हा खुले करायचे ते शेवटी. ज्याच्याकडे खाते बंद करण्याचा अधिकार नाही अशा सामान्य वापरकर्त्याने निदान ‘सर्व यंत्रांवरून बाहेर पडा’ ही सोय वापरावी आणि नोंदवलेले मोबाईल व पत्ते तपासावेत. ईमेलच्या बहुतेक मोठ्या सेवांत ही सोय असते.

हे किती काटेकोरपणे करावे लागते याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इतर संस्थांसाठी लॉगिनची व्यवस्था पाहणाऱ्या ‘ऑक्टा’ या अमेरिकी कंपनीच्या मदत विभागातून २०२३च्या ऑक्टोबरमध्ये काही ग्राहकांची टोकने व किल्ल्या चोरीला गेल्या. त्या ग्राहकांपैकी ‘क्लाउडफ्लेअर’ ही कंपनी स्वतः सुरक्षेच्याच व्यवसायातली. तिने आपल्या किल्ल्या बदलल्या. पण हजारोंपैकी एक टोकन आणि तीन खाती वापरात नाहीत असे समजून तशीच राहिली. नोव्हेंबरमध्ये चोर त्याच चारांच्या आधारे आत शिरला. २३ नोव्हेंबरला तो लक्षात आला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा प्रवेश पूर्ण तोडला गेला. कंपनीने ही चूक स्वतःच्या अहवालात छापली, हे तिला भूषणावह आहे. आपल्याकडे असे अहवाल छापले जात नाहीत आणि त्यामुळे शिकवायला उदाहरणे मिळत नाहीत, ही तक्रार येथेच नोंदवावीशी वाटते.

पुण्यातला दुसरा शनिवार

महाराष्ट्रातले एक प्रकरण मात्र पुरेसे उघड झालेले आहे. ते क्लाउडवरील लॉगिनचे नव्हते, पण ‘अडवायचे कोणी आणि केव्हा’ हा प्रश्न त्यातून स्पष्ट होतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून २०१८च्या ऑगस्टमध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातले की मधली एक यंत्रणा, जिला स्विच म्हणतात, बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते : या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? चोरांनी खऱ्या स्विचला बगल देणारा खोटा स्विच उभा केला. तो मुख्य संगणकाला न विचारता स्वतःच ‘द्या’ असे उत्तर देत होता. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांत सुमारे १२,००० व्यवहारांतून ७८ कोटी आणि भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी रुपये काढले गेले.

हे घडले शनिवारी, ११ ऑगस्टला. तो महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. एटीएममधून अशी सामुदायिक लूट होऊ शकते, असा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी बँकांना दिला होता. गोष्ट येथे संपली नाही. सोमवारी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यावर गेले.

या तारखांकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी कळतात. चोर सुटीचा दिवस निवडतो, कारण त्या दिवशी अडवण्याचा अधिकार असलेला माणूस जागेवर नसतो. आणि एका वाटेने चोरी उघड झाली म्हणजे संकट संपले असे नसते. जो एका वाटेने आत आला त्याच्या हाती दुसऱ्या वाटेचीही किल्ली असू शकते, असे गृहीत धरूनच पुढची पावले टाकावी लागतात. नगर जिल्हा हा सहकाराचा. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ यांचे हिशेब आता संगणकावर आहेत. शनिवारी रात्री खाते बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न प्रत्येक संचालक मंडळाने विचारण्यासारखा आहे.

कायदा काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता ‘तक्रार करा’ या दुसऱ्या सल्ल्याकडे पाहू. देशात सायबर संकटांची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली तिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. कंपन्या आणि सरकारी संस्था दोन्ही त्यांच्या कक्षेत येतात. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे, प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि सर्व संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवावीत, अशा त्यांतल्या प्रमुख अटी आहेत. कळवण्याजोग्या घटनांचे वीस प्रकार सोबतच्या परिशिष्टात दिले आहेत आणि क्लाउडवरील संशयास्पद हालचालींचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे.

घड्याळांची अट कोणाला किरकोळ वाटेल. ती तशी नाही. वर केलेले वेगाचे गणित आठवा. दोन नोंदवह्यांची घड्याळे वीस मिनिटांनी चुकलेली असतील, तर ते सगळे गणितच कोसळते आणि निर्दोष माणूस संशयित ठरतो. ही अट घालणाऱ्याला विषय समजला होता, हे मान्य केले पाहिजे.

पण हे निर्देश मुख्यतः कळवण्याविषयी आणि जपण्याविषयी बोलतात. दार कोणी लावायचे, कोणाच्या परवानगीने, आणि चुकून बाहेर राहिलेल्याला परत आत कसे घ्यायचे, याविषयी लहान संस्थेला त्यांतून मार्गदर्शन मिळत नाही. कायद्याच्या मजकुराने सगळेच शिकवावे अशी अपेक्षा नाही. आक्षेप आहे तो प्रशिक्षणांवर. त्यांनी ‘कळवा’ तेवढे उचलले आणि मधली जागा रिकामी ठेवली. सहा तासांत कळवायचे खरे. पण पहिल्या सहा मिनिटांत काय करायचे?

याचे उत्तर आपल्याच देशातल्या एका व्यवस्थेत आहे. फसवणुकीने पैसे गेल्यास फोन करण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ साली हेल्पलाइन सुरू केली. तिचा क्रमांक आता १९३० आहे. फोन येताच पैसे ज्या खात्यांत गेले ती रक्कम तेथल्या तेथे गोठवण्याचा प्रयत्न केला जातो, चौकशी नंतर होते. आधी अडवा, मग तपासा, हेच तत्त्व येथे राबवले आहे. ते फक्त पैशांपुरते आहे. शाळेचे लॉगिन चोरीला गेले तर तितक्याच तातडीने ते बंद करणारा एक क्रमांक मुख्याध्यापकांना माहीत असायला हवा. किती जणांना तो माहीत आहे, हे प्रत्येक केंद्रप्रमुखाने पुढच्या बैठकीत विचारून पाहावे.

एक लॉगिन, अनेक हात

शाळांच्या बाबतीत अडवण्याच्या आड येणारी सर्वांत मोठी गोष्ट तांत्रिक नाही. मुख्याध्यापकांचे लॉगिन लिपिकाकडे असते, माहिती भरण्यात हुशार असलेल्या तरुण शिक्षकाकडे असते, आणि वेबसाइट रात्री अकरानंतरच नीट चालत असेल तर जवळच्या संगणक केंद्रातही असते. यामागे आळस नसून कामाचा बोजा आहे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. पण त्याचा परिणाम असा की, एकाच खात्यात दिवसभरात चार ठिकाणांहून, चार यंत्रांवरून प्रवेश होतात. अशा खात्यात पाचवा प्रवेश चोराचा असेल, तर तो ओळखणार कसा? जेथे सगळेच लॉगिन अनोळखी, तेथे संशयाला आधारच उरत नाही.

आणि संकटानंतर नोंदवही उघडली जाते तेव्हा तीत एकच नाव सापडते. २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांक तयार करून अपात्र व्यक्तींच्या नावे वेतन काढल्याचे प्रकरण उघड झाले. अटका झाल्या, राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. त्यात दोषी कोण हे न्यायालय ठरवील. शिक्षकांनी त्यातून घ्यायचा बोध वेगळा आहे. कोणाच्या लॉगिनमधून काय झाले, हा आता नोकरी आणि अब्रूचा प्रश्न झाला आहे. आपले लॉगिन दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस आपली सहीच कोऱ्या कागदावर करून देत असतो. ज्याला काम सोपवायचे त्याला त्याच्या नावाचे, मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते मिळाले पाहिजे. ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि मुख्याध्यापक संघांनी शासनाकडे लावून धरण्यासारखी आहे. व्यक्तिगत सावधगिरीने ती पुरी होणार नाही.

सायबर सुरक्षेचे पुढचे व्याख्यान शाळेत होईल तेव्हा वक्त्याला तीन प्रश्न विचारावेत. रविवारी रात्री आमचे लॉगिन बंद करायचे असेल तर कोणाला फोन करायचा? बंद केल्यावर आत असलेल्याची टोकने रद्द होतात का, आणि त्याने मागे ठेवलेले नियम कोण काढते? आणि चुकून अडवल्या गेलेल्या प्रामाणिक माणसाला किती वेळात, कोणता पुरावा देऊन परत आत जाता येते?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पगारबिल भरण्याच्या शेवटच्या दिवशी जामखेडच्या मुख्याध्यापकांचे लॉगिन चुकून अडले आणि ते तालुक्याहून जिल्ह्याला फेऱ्या मारत राहिले, तर पुढच्या वेळी खरा संशय आला तरी खाते बंद करायला कोणी धजणार नाही. दार चटकन लावता यायला हवे असेल, तर ते योग्य माणसासाठी चटकन उघडण्याची सोय आधी करून ठेवली पाहिजे.